पंधरावी पातळी

सात फाइली होत्या. त्यांतल्या तीन ऐकता येतात. उरलेल्या चारांची नावं यादीत दिसतात, तारीख-वेळ दिसते, आणि आकाराच्या रकान्यात शून्य. त्या चार फाइलींत एका म्हाताऱ्याचा सुमारे दोन तासांचा आवाज असायला हवा होता. त्या दोन तासांत त्याने आपल्या गावच्या जंगलाची अर्धी शीव चालत चालत सांगितली होती. सांगणारा तो एकटा, ऐकणारा बहुतेक वाट मी एकटा. तो आवाज पुसला गेला. माझ्या टेबलावर अशी ओळ आली असती तर मी वार्ताहराला विचारलं असतं, कोणी पुसला? म्हणून नीट लिहितो. मी पुसला.

मी चंद्रपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. डेस्कचं काम म्हणजे आलेली बातमी मिळालेल्या जागेत बसवणं. चिमूर, नागभीड, भद्रावतीहून वार्ताहर ऐसपैस बातम्या पाठवत आणि मी त्या तिसऱ्या हिश्श्यात बसवत असे. या कामाचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नसे. "यात आणखी दोन ओळी निघतात," हे माझं वाक्य. कार्यालयातली पोरं माझ्यामागे माझ्याच आवाजात ते म्हणत, हेही मला ठाऊक होतं आणि आवडत होतं. जे लहान ते चांगलं, असं माझं मत होतं. ते मी बातमीपुरतं ठेवायला हवं होतं.

जुनी पानं, छायाचित्रं आणि रेकॉर्डिंग यांचा साठाही माझ्याकडे असे. तशी नेमणूक नव्हती. दुसरं कोणी ते काम घेत नव्हतं. साठा एका जुन्या लॅपटॉपवर होता आणि त्याची डिस्क भरत आली होती. कार्यालयाची यंत्रं बघायला शहरातला एक दुरुस्तीवाला यायचा. त्याचे वडील गाद्या भरायचे. याने कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. त्याने लॅपटॉपवर नवी फाइल सिस्टीम घालून दिली. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची आणि ती परत कशी शोधायची, याची व्यवस्था. या नव्या व्यवस्थेत एक सोय होती. फाइल डिस्कवर लिहिताना ती आपोआप दाबून लहान केली जायची आणि वाचताना आपोआप मोकळी व्हायची. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. दाबताना काही गळत नाही, एक अक्षरही कमी होत नाही. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं आणि पुढे 'मागचंच' अशी खूण करायची, एवढीच युक्ती. शिवाय फाइलीचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा दाबला जातो, म्हणजे मधलंच एखादं मिनिट ऐकायचं असेल तर सगळी फाइल सोडवत बसावं लागत नाही.

किती दाबायचं ते आपण ठरवायचं. पहिल्या पातळीपासून पंधराव्या पातळीपर्यंत.

"तीनवर ठेवून देतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "तीन बस आहे, भाऊ."

"पंधरा का नाही?"

"जिनिंगमधी रुईची गाठ बांधतानी पाहिली ना तुम्ही? पहिल्या दाबात ढीगभर रुई बसून जाते. दुसऱ्यात थोडी अजून बसते. त्याच्यानंतर तुम्ही दिवसभर दाबत बसा, गाठ दोन बोटं कमी होईल. मशीन गरम होते ते वेगळं."

"आणि सोडायला?"

"सोडायला सारखाच टाइम. पट्टी कापली का झालं. जो काही टाइम लागते तो दाबाले लागते."

उभ्या उभ्या, चहाचा कप हातात धरून त्याने एवढं सांगितलं. नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. त्याच्या बोलण्यात दुरुस्ती करावी असं काही सापडलं नाही. खालच्या पातळीवर यंत्र मागे एक नजर टाकतं आणि पहिलं जुळणारं सापडलं की उचलतं. वरच्या पातळीवर ते मागची प्रत्येक जागा तपासतं, एकाच तुकड्याच्या निरनिराळ्या मांडण्या करून पाहतं आणि सर्वांत लहान निघेल ती ठेवतं. कष्ट अनेक पटींनी वाढतात, जागा थोडीशी वाचते. याहून हलक्या पद्धतीही आहेत. त्या फार दाबत नाहीत, पण डिस्कचा वेगही अडवत नाहीत. पुष्कळ शहाणी माणसं त्याच वापरतात.

तो गेल्यावर मी तीनचे पंधरा केले. गरज नव्हती, तीनवरही साठा आरामात मावत होता. जुन्या बातम्यांचं एक फोल्डर मी दोन्ही पातळ्यांवर दाबून पाहिलं. पंधरावर ते किंचित लहान झालं. तो आकडा पाहून मला जे वाटलं, ते एखादी बातमी ठरल्या ओळीत बसल्यावर वाटायचं. किती वेळ लागला, ते मी पाहिलं नाही.

गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे. ग्रामसभा सामूहिक वनहक्काचा दावा, म्हणजे वापरातल्या जंगलावर गावाचा हक्क मागणारा अर्ज, तयार करत होती. दाव्याला नकाशा लागतो आणि नकाशाला शीव. ती शीव पूर्ण ठाऊक असलेला एकच माणूस गावात उरला होता. तो गावचा गायता होता, म्हणजे गावच्या भूमीची पूजा करणारा. गाव त्याला आजा म्हणे. ग्रामसभेची सचिव तिशीतली, गडचिरोलीला बीए झालेली. त्यांच्या गावावर मी पूर्वी एकदा बातमी केली होती, त्या ओळखीवर तिने मला रेकॉर्डर घेऊन बोलावलं.

"इथी बसवून सांगून घेता आलं असतं ना भाऊ, तं तुमाले बोलावलं नसतं," ती म्हणाली. "पण थो बसून सांगत नाई."

शीव बसून सांगायची नाही, हा आजाचा नियम होता. खाटेवर बसून सांगितलेली शीव खोटी पडते, असं तो मानी आणि गावही मानी. खुणेच्या जागी जायचं, तिला हात नाहीतर पाय लावायचा, तिचं नाव घ्यायचं, तिथे काय घडलं ते सांगायचं, मग पुढे निघायचं. न चालता तो एकाही झाडाचं नाव सांगत नसे. सचिवाने वर्षभर प्रयत्न करून पाहिला होता. तालुक्याहून आलेल्या एका साहेबालाही त्याने सांगितलं होतं, तुमची खुर्ची उचला अन् चला माझ्यासंगं.

आम्ही दोन दिवस चाललो. पहिल्या दिवशी सचिव बरोबर होती. आजा बोले तसं ती वहीत लिहून घेई. दुसऱ्या दिवशी तिला तहसीलला बैठक होती.

"तुमच्या डब्ब्यात सगळं येते ना?" तिने सकाळी विचारलं.

"येतं."

"एक शब्द बी सुटत नाई?"

"एकही नाही."

"मंग वही घरी ठेवते. आजा बी खूश होईन. लिहिणारे त्याले आवडत नाई, म्हणते का हे लोकं पाहून चालत नाई, कागदात पाहून चालतात."

त्या दिवशी शेजारचा एक माणूस टेकडीपर्यंत आमच्यासोबत आला. त्याचं धान चुरायचं, म्हणजे मळायचं, राहिलं होतं, म्हणून तो तिथून परतला. पुढे आजा आणि मी. आजा गोंडीत बोलत होता. मला येर म्हणजे पाणी आणि मेट्टा म्हणजे टेकडी, एवढंच कळत होतं. तो थांबे, बोले, मी रेकॉर्डर त्याच्या तोंडाजवळ धरून मान डोलवी. असं बराच वेळ चाललं. मग तो मराठीत म्हणाला,

"समजून राह्यलं का?"

"नाही."

"मंग मान कायले हालवता?"

तो मोकळा हसला. "राहू द्या. डब्ब्याले समजलं म्हणजे झालं."

दुपारी आम्ही गावात परतलो. शाळेच्या ओसरीवर बसून मी दोन्ही दिवसांच्या सात फाइली कार्डावरून लॅपटॉपमध्ये उतरवायला लावल्या. रेकॉर्डर आणि कार्ड कार्यालयाचं, सगळ्यांत मिळून एकच. पूर्वी एकदा एका वार्ताहराचं खासगी बोलणं कार्डावर राहिलं, ते दुसऱ्याने ऐकलं आणि मोठा वाद झाला. तेव्हापासून नियम होता की फाइली साठ्यात उतरल्या की जागच्या जागी कार्ड कोरं करायचं. नियम मीच केला होता आणि तो पाळण्यात माझ्याइतकं कडक कोणी नव्हतं.

पडद्यावरची हिरवी पट्टी भरली. मी कार्ड कोरं केलं.

त्या क्षणी काय स्थिती होती ते मला आता नेमकं माहीत आहे. फाइली लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीत पोचल्या होत्या, सगळ्या डिस्कवर पोचल्या नव्हत्या. यंत्र त्या स्मृतीतून एकेक तुकडा उचलत होतं, पंधराव्या पातळीने दाबत होतं आणि मग लिहीत होतं. पट्टी भरली याचा अर्थ 'घेतलं' एवढाच होता. ठेवून झालं नव्हतं. तिसऱ्या पातळीवर हे काम मी कार्ड खिशात घालेपर्यंत आटोपलं असतं. जुन्या प्रोसेसरला पंधराव्या पातळीवर आणखी चार मिनिटं हवी होती. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरत होता. तो मी ऐकला. उन्हामुळे फिरत असेल, असं मला वाटलं.

फाट्यावर एसटी येऊन थांबली. शाळेपासून फाटा पन्नास पावलांवर.

"ओ पेपरवाले भाऊ!" कंडक्टर दारातूनच ओरडला. "येता का सोडू? हे गाडी तुमच्या मामाची नाई, सरकारची आहे!"

मी लॅपटॉप बंद करायची आज्ञा दिली. पडदा काळा झाला, मध्ये एक गोल फिरत राहिला. बंद होईना. गाडीतून कोणीतरी म्हणालं, "राहू द्या त्याईले, पेपर छापूनच येतीन." गाडीभर हशा झाला. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नाही. मी बटण दाबून धरलं. पाच-सहा सेकंदांत पंखा थांबला. तो थांबला याचं मला बरं वाटलं. मी लॅपटॉप पिशवीत घालून धावलो आणि कंडक्टरची माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी कार्यालयात फोल्डर उघडलं तेव्हा चार शून्यं दिसली. पहिल्या दिवशीच्या तीन फाइली शाबूत होत्या. त्यांतलं सगळं सचिवाच्या वहीत होतंच. दुसऱ्या दिवशीच्या चारही गेल्या होत्या. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"कॉपी झाल्यावर बंद कसा केला?"

"बटण दाबून."

"दाबून का दाबून धरून?"

"धरून."

त्याने सेटिंग उघडलं. "पंधरा. मी तीन ठेवलं होतं."

"मी बदललं."

"काऊन?"

तो रागावला नाही. त्याने आवाज खाली घेतला, कारण शेजारच्या टेबलावर माणसं होती. ती त्याने मला दिलेली सूट होती. "तो बंद होत नव्हता न भाऊ, तेव्हा तो तुमचंच काम करून राह्यला होता. कार्ड आणा. कार्डावरून निघू शकते."

कार्ड बल्लारपूरला गेलं होतं. कबड्डीची स्पर्धा होती आणि क्रीडा वार्ताहराने दिवसभर रेकॉर्डिंग केलं होतं. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ते उपसून पाहिलं. ज्या जागी आजा असायला हवा होता तिथे गर्दी होती आणि पंचाची शिट्टी होती.

त्याच आठवड्यात मी एक हिशेब केला. वाचलेल्या तीन फाइली तिसऱ्या आणि पंधराव्या पातळीवर दाबून पाहिल्या. आकारात जवळजवळ काही फरक पडला नाही. आवाज मुळातच फारसा दबत नाही. माणसाच्या बोलण्यात, वाऱ्यात, पायाखालच्या पाचोळ्यात तंतोतंत तेच पुन्हा येत नाही, आणि पुन्हा येत नाही ते लहान करता येत नाही. पंधराव्या पातळीने सातही फाइलींवर मिळून जी जागा वाचवली असती, ती कार्यालयातल्या एका वाढदिवसाच्या फोटोंनी भरली असती. मी पातळी पुन्हा तीन केली. कोणाला सांगितलं नाही.

इथवरची चूक अडाण्याची म्हणता येईल. पुढची तशी नाही.

चौथ्या दिवशी सचिवाचा फोन आला. मी म्हणालो, आवाज साफ करणं चालू आहे. आठवड्याने पुन्हा आला. मी म्हणालो, कार्डात काहीतरी बिघाड दिसतो, दुकानात दिलं आहे. दोन्ही वाक्यं बोलताना माझा आवाज नेहमीसारखा होता.

"बिघडलं असन तं आजाले पुन्हा एकदा फिरवू का?" ती म्हणाली. "मी इचारलं त्याले. म्हणते, चाल, मले का काम आहे. खुशीत आहे थो सध्या."

एवढं सोपं होतं ते. मी "हो" म्हणायचं होतं, दुसऱ्या सकाळची गाडी पकडायची होती.

"थांबा," मी म्हणालो. "निघेल. त्यांना कशाला त्रास?"

'हो' म्हटलं तर 'काय झालं' हे सांगावं लागलं असतं. 'एकही शब्द सुटत नाही' असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. पाच आठवडे मी हे पुढे ढकललं. त्या पाच आठवड्यांत तिने आणखी तीनदा फोन केला. दोनदा मी उचलला, एकदा नाही.

मग आजा अंगणात पडला. कमरेचं हाड मोडलं. गडचिरोलीला नेलं, परत आणलं. खाटेवर पडल्या पडल्या सचिवाने त्याला विचारलं, आजा, टेकडीच्या पुढचं सांग ना. तो म्हणाला, उठलो का चालू. तो उठला नाही. त्याच्या निधनाची बातमी तिनेच मला फोनवर दिली. मी ती पानात घेतली. सहा ओळींची केली. चांगली बसली.

त्यानंतरच्या सोमवारी मी गावात गेलो. ग्रामसभेच्या खोलीत सचिव होती, टेकडीपर्यंत आलेला तो शेजारी होता आणि तीन बाया होत्या. त्यांतली सर्वांत थोरली आजाची बहीण. वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं.

"तांत्रिक अडचणीमुळे दुसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग उपलब्ध होऊ शकलं नाही."

"पेपरातलं नका बोलू भाऊ," सचिव म्हणाली. "सोपं सांगा."

मी सोपं सांगितलं. पातळी, पट्टी, पंखा, बटण, कार्ड. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"कोणत्या दिवशी समजलं तुमाले?"

"तिसऱ्या."

"म्हणजे मी पयला फोन केला तेव्हा तुमाले मालूम होतं."

"हो."

"अन् दुसरा केला तेव्हा बी."

"हो."

"तेव्हा थो चालत होता, भाऊ."

शेजारी उठून दारात जाऊन उभा राहिला. आजाच्या बहिणीने गोंडीत काहीतरी विचारलं. सचिवाने ते मला मराठीत सांगितलं, माझ्याकडे न पाहता. "ते इचारते का इतकं लहान करून ठेवाचं कायले होतं? जागा नव्हती का?"

"जागा होती," मी म्हणालो.

हे भाषांतर करावं लागलं नाही. बहीण माझ्याकडे बघत राहिली. तिला पुढचं कारण हवं होतं. पुढचं कारण नव्हतं.

त्यांनी आपसात बोलून ठरवलं की टेकडीच्या पुढे मला चालवायचं. त्या वाटेने आजाबरोबर गेलेला जिवंत माणूस मीच होतो. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नसलं, तरी तो कुठे वळला, कुठे थांबला, ते मी पाहिलं होतं. सचिवाने मोबाइलमध्ये जागेच्या खुणा नोंदवायचं ॲप उघडलं. टेकडीवरून मी पुढे आणि पाच माणसं माझ्या मागे, असे आम्ही निघालो. आजाचं गाव माझ्या पावलांवर पाऊल टाकत होतं. त्या चालण्याइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

पहिली जागा मला सापडली. जमिनीलगत दोन बुंधे फुटलेलं तेंदूचं झाड होतं, आजा त्याला टेकून उभा राहिला होता. सचिवाने खूण नोंदवली. दुसरी जागा म्हणजे एक मोठं वारूळ. त्याला त्याने पाय लावला होता आणि खूप बोलला होता. काय बोलला, हे मागून शेजाऱ्याने विचारलं आणि मला सांगता आलं नाही. त्या वेळी मी रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे ना, हे बघत होतो. पुढे झाडी दाट झाली. मी डावीकडे गेलो. थोडं जाऊन थांबलो, मागे आलो, उजवीकडे गेलो. एक नाला उतरलो. तो तोच नाला वाटत होता, पण नाल्यांत मला फरक कळत नाही. तरी मी चालत राहिलो, कारण मागची पाचही माणसं चालत होती.

"थांबा," सचिव म्हणाली. "आता तुमी आठवून नाई, अंदाजानं चालून राह्यले."

"हो," मी म्हणालो.

"कुठपासून?"

"वारुळापासून."

"तेव्हाच सांगाचं होतं ना."

आम्ही वारुळापर्यंत परत आलो. तिने शेवटची खूण तिथे नोंदवली. तिथून पुढे आजाची शीव कुठे जात होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अंदाजाने रेषा लांब काढली तर पलीकडचं गाव हरकत घेणार आणि मग सांगणारा माणूस उभा करावा लागणार. म्हणून वारुळापासून रेषा सरळ खालच्या मोठ्या नाल्याला जोडायची, असं ठरलं. तो नाला सगळ्यांना माहीत होता. वरचा बांबूचा उतार आणि त्याच्या कडेचे मोह रेषेबाहेर राहिले. आजाची बहीण तिकडे हात करून काहीतरी म्हणाली. सचिवाने या वेळी भाषांतर केलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "लग्न झाल्यापासून ते त्या मोहाखाली फुलं वेचते, म्हणते."

दाव्याच्या कागदांवर शीव पाहणारा म्हणून माझी सही लागली. मी ती केली. तपासणीच्या दिवशी सचिवाने मलाही बोलावलं. काही विचारलं तर तुमीच सांगा, म्हणाली. तालुक्याच्या कार्यालयात मोजणीचा माणूस नकाशावर बोट फिरवत होता. पहिल्या दिवसाच्या बाजूला रेषा वाकडीतिकडी होती. एका खडकाला वळसा, एका झाडाशी कोपरा, असं बरंच. तिथे तो प्रत्येक वळणाचं नाव विचारत होता आणि सचिव वही न उघडता सांगत होती. मग त्याचं बोट वारुळापाशी आलं आणि एका झटक्यात नाल्यापर्यंत उतरलं.

"ही बाजू छान आहे," तो म्हणाला. "सरळ. काही भानगड नाही."

सचिवाच्या मागे आजाची बहीण बसली होती.

"ती सरळ नाही," मी म्हणालो.

त्याने पेन उचलला, त्या रेषेवर आडवा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "मग कशी आहे?"

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मला सांगता आलं नाही.